घडीचे खोके व गुळाचे वेष्टन

घडीचे खोके : पातळ पुठ्ठ्याचा एकच सपाट तुकडा ठरावीक जागी कापून व ठरावीक रेषांवर दाबून तयार केलेले, माल भरतेवेळी उभे करता येणारे वेष्टन. त्याची वरची बाजू मागील भिंतीस बिजागरीप्रमाणे जोडलेली असून ती उघडून माल काढता येतो व पुन्हा खोचून बंद करता येते, अशा प्रकारास झडपेचे खोके म्हणतात. बिस्किटे, औषधे, चहा, साबणाची भुकटी इ. मालासाठी हे खोके जगभर रूढ झाले. महाराष्ट्रात त्याच्या उपयोगाचे व मर्यादांचे बोधप्रद उदाहरण कोल्हापूरच्या गुळाच्या व्यापारात आढळते. तीस किलोग्रॅमच्या ढेपेने विकला जाणारा हा माल किलो-अर्ध्या किलोच्या खोक्यात आला, तेव्हा वेष्टनाचे काम व्यापाऱ्याच्या वखारीपुरते न राहता गृहिणीच्या फडताळापर्यंत पोहोचले. आणि तेथे झडपेची खरी परीक्षा झाली.

पुठ्ठ्याची खोकी घडीच्या खोक्यापेक्षा जुनी आहेत. मात्र ती हाताने कापून, कोपरे चिकटवून, ताठ स्वरूपात बनवीत. ती महाग पडत आणि रिकामी असतानाही भरलेल्या खोक्याइतकीच जागा व्यापीत. त्यामुळे दागिने, मिठाई, टोप्या अशा किमती मालापुरताच त्यांचा वापर होता. हे चित्र पालटले ते अमेरिकेतील ब्रुकलिन येथील रॉबर्ट गेअर या कागदी पिशव्यांच्या कारखानदारामुळे. १८७९ मध्ये त्याच्या कारखान्यात बियाण्याच्या पिशव्या छापल्या जात असता, पिशवीवर घडीची रेषा पाडण्यासाठी बसविलेली धातूची पट्टी जागेवरून सरकली आणि तिने कागद दाबण्याऐवजी कापून टाकला. माल वाया गेला. परंतु एकाच साच्यात काही पट्ट्या उंच व धारदार आणि काही बुटक्या व बोथट बसविल्या, तर एकाच दाबाने कापणे व घडीच्या रेषा पाडणे ही दोन्ही कामे होतील, हे गेअरच्या ध्यानात आले. खोके बनविण्याचे कसब त्यामुळे कारागिराच्या हातातून छापखान्याच्या यंत्रात गेले. तयार तुकडे सपाट गठ्ठ्यांनी पाठविता येऊ लागले व ते उभे करण्याचे काम माल भरणाऱ्यावर आले.

या खोक्याला मोठे ग्राहक मिळाले ते बिस्किटांच्या धंद्यात. तोपर्यंत अमेरिकेतील वाणी बिस्किटे उघड्या पिंपातून काढून विकीत. ती सादळत व तुटत. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बिस्किट कंपनीने ‘युनीडा’ हे बिस्किट मेणकागदाचे अस्तर असलेल्या घडीच्या खोक्यातून बाजारात आणले. यात महत्त्वाची गोष्ट ही की, दमट हवा अडविण्याचे काम मेणकागदाकडे आणि आकार राखण्याचे, माल चुरडू न देण्याचे व नाव मिरविण्याचे काम पुठ्ठ्याकडे, अशी विभागणी सुरुवातीसच झाली होती. पुढे अनेकांना तिचा विसर पडला. बिजागरीच्या झाकणाचा प्रसार विसाव्या शतकाच्या मध्यास सिगारेटच्या पाकिटाने केला; १९५५ च्या सुमारास अमेरिकेत ‘मार्लबरो’ सिगारेट अशा पाकिटात मिळू लागली. त्या पाकिटात तोंडाशी पुठ्ठ्याची एक वेगळी आतली चौकट असते व झाकण तिच्यावर घट्ट बसते. वीस सिगारेटींसाठी झाकण अनेकदा उघडावे लागते, हा विचार त्या रचनेमागे होता.

झडपेच्या खोक्याची रचना दिसते तितकी सोपी नाही. घडीची रेषा म्हणजे पुठ्ठ्याला दिलेला छेद नव्हे. बोथट पट्टी पुठ्ठ्याला खालच्या खाचेत दाबते, त्यामुळे आतील थर एकमेकांपासून किंचित सुटतात आणि दुमडताना घडीच्या आतील अंगास बारीक उंचवटा तयार होतो. बाहेरचा पापुद्रा मात्र अखंड राहतो. हा उंचवटा नीट न उठल्यास छपाईचा थर तडकतो. झडपेच्या पुढच्या कडेस खोचपट्टी असते व दोन्ही अंगांच्या भिंतींना कानपट्ट्या असतात. खोचपट्टीच्या दोन टोकांना, घडीच्या रेषेवरच, लहान चिरा दिल्या म्हणजे त्यांत कानपट्ट्यांच्या कडा अडकतात व झडप आपोआप उघडत नाही. या चिरा एखाद-दुसऱ्या मिलिमीटरने चुकल्या, तर झडप एक तर सैल राहते किंवा ओढताना फाटते. काही खोक्यांत खोचपट्टीऐवजी झडपेला जीभ व समोरच्या भिंतीला खाच ठेवतात.

कागदाच्या तंतूंच्या दिशेचा प्रश्न याहून अवघड आहे. यंत्रावर तयार होणाऱ्या पुठ्ठ्यात बहुतेक तंतू एका दिशेने पडतात व त्या दिशेने पुठ्ठा अधिक ताठ असतो. उभ्या खोक्यात तंतू आडवे, म्हणजे खोक्याभोवती फिरणारे, ठेवले तर जड मालाने भिंती फुगत नाहीत. परंतु मग झडपेच्या बिजागरीची रेषा तंतूंना समांतर येते. अशी घडी सहज वळते खरी, पण वारंवार उघडझाप झाली की तंतू एकमेकांपासून सुटून ती लवकर फाटते; तंतूंना आडवी जाणारी घडी अधिक टिकते. भिंतीला जे हवे ते बिजागरीला नको, असा हा पेच आहे. एकदा उघडून रिकाम्या होणाऱ्या खोक्यात तो जाणवत नाही. महिनाभर पुरणाऱ्या मालाच्या खोक्यात जाणवतो.

गूळ हा असा महिनाभर पुरणारा माल आहे. कोल्हापूर परिसरातील गुऱ्हाळांत उसाचा रस काहिलीत आटवून, सु. ११८° से. तापमानास आल्यावर तो वाफ्यात ओततात व निवत आल्यावर फडके घातलेल्या बादलीसारख्या साच्यात भरतात. रस नेमका केव्हा उतरवावयाचा हे ठरविणारा गुळव्या तापमापकापेक्षा पाण्यात टाकलेल्या पाकाच्या गोळीवर अधिक भिस्त ठेवतो. साच्यातून निघणाऱ्या ढेपेस, म्हणजेच रव्यास, फडक्याचे व गोणपाटाचे वेष्टन पुरे असे. कोल्हापूरला १८९१ मध्ये रेल्वे आली आणि १८९५ मध्ये शाहू छत्रपतींनी शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसविली. गुळाचा व्यापार तेथे भरभराटीस आला व गुजरात ही या गुळाची मोठी गिऱ्हाईकपेठ बनली. सौद्यात खरेदीदार माल डोळ्याने पाही, रंग व कठीणपणा जोखी. वेष्टन त्या व्यवहारात जवळजवळ मुके होते. किरकोळ दुकानदार ढेप फोडून, खडे तोलून, रद्दी कागदाच्या पुड्यात बांधून देई. घरी तो गूळ पत्र्याच्या डब्यात वा बरणीत जाई.

गुळात साखरेबरोबर ग्लुकोज व फ्रुक्टोज या शर्करा असतात आणि त्या हवेतील ओलावा ओढून घेतात. कोल्हापुरात पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता पुष्कळदा ८० टक्क्यांच्या वर राहते. अशा हवेत उघडा गूळ सुटतो, काळवंडतो व त्याला पाझर फुटतो. संपूर्ण ढेपेचा पृष्ठभाग तिच्या वजनाच्या मानाने कमी असल्याने ती बराच काळ तग धरते. व्यापारी तिला शीतगृहातही ठेवतात. तोच गूळ किलोच्या वा अर्ध्या किलोच्या वडीत आला की वजनाच्या मानाने पृष्ठभाग कितीतरी वाढतो. लहान वेष्टनाने गिऱ्हाइकाची सोय केली, पण गुळाचे काम कठीण केले.

लहान वेष्टनाच्या मागे सोयीबरोबर कायद्याचाही रेटा होता. १९६६ मध्ये मुंबईत भारतीय वेष्टन संस्थेची स्थापना झाल्यावर या विषयाचे शास्त्रशुद्ध शिक्षण व चाचण्या देशात सुरू झाल्या. १९७७ च्या वेष्टित वस्तूंविषयीच्या नियमांनी वेष्टनावर उत्पादकाचे नाव, वजन, किंमत इ. तपशील छापणे आवश्यक केले. त्यांची जागा पुढे २०११ च्या नियमांनी घेतली. गोणपाटातील ढेपेवर एवढा मजकूर छापण्यास जागा नव्हती. खोक्याला छापण्याजोग्या चार भिंती होत्या. शिवाय घडीची खोकी सपाट गठ्ठ्यात राहतात. गुऱ्हाळाचा हंगाम साधारणतः दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतचा असल्यामुळे उरलेले महिने ही खोकी थोड्या जागेत ठेवता येतात, हा लाभ लहान उत्पादकाला कमी नव्हे.

खोक्याची मर्यादा मात्र पहिल्याच पावसाळ्यात उघड होते. कागद स्वतःच ओलावा शोषतो. दमट हवेत पुठ्ठ्याचा ताठपणा घटतो, चिरांची पकड ढिली पडते व खोचलेली झडप वर उचलली जाते. ती घट्ट बसलेली असली तरी कानपट्ट्यांच्या फटींतून हवा आत जातेच, आणि मुंग्यांना तर त्याहून लहान वाट पुरते. झडप बंद होते म्हणजे खोके हवाबंद होते, ही समजूत चुकीची आहे. ओलावा अडविण्यासाठी आत प्लॅस्टिकच्या पटलाची पिशवी लागते. रद्दीपासून बनविलेल्या करड्या पाठीच्या पुठ्ठ्याचा गुळास थेट स्पर्श होऊ नये यासाठीही ती हवी. पण पिशवीचे तोंड एकदा कापल्यावर ते पुन्हा बंद करण्याची काहीच तजवीज बहुधा नसते. गृहिणी ते मुरगळून खोक्यात कोंबते, वरून झडप खोचते आणि झडपेला न पेलणारे काम तिच्यावर टाकते. आतील पिशवी दोनदा दुमडता येईल इतकी उंच ठेवली व झडपेच्या दाबाने ती दुमड जागी राहील असे माप धरले, तर दोन्ही मिळून बऱ्यापैकी काम देतात. गुळाची वडी संपत जाते तसे खोक्यात पोकळी वाढते, हे माप धरताना विसरून चालत नाही.

दुसरा प्रश्न नावाचा आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. परप्रांतातील गूळ ‘कोल्हापुरी’ म्हणून विकला जातो, ही येथील उत्पादकांची जुनी तक्रार आहे. नावाचे खोके हा तिच्यावर उपाय मानला गेला. परंतु जे खोके सहज पुन्हा बंद होते, ते आधीच कोणी उघडले होते किंवा काय, हेही सहज लपविते. रिकाम्या खोक्यात दुसरा गूळ भरून झडप खोचली तर गिऱ्हाइकास कळणार नाही. म्हणून खोक्याकडून परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन गोष्टींची अपेक्षा केली जाते : पहिल्यांदा उघडल्याची न पुसणारी खूण राहावी आणि त्यानंतर मात्र ते हवे तितक्या वेळा उघडता-मिटता यावे. यासाठी झडप प्रथम डिंकाने चिकटवितात व तिच्या तीन बाजूंना तुटक छेद देतात. हे छेद फाडल्यावर चौथी बाजू बिजागरी बनते, आणि फाटलेल्या कडेतूनच निघालेली जीभ समोरच्या खाचेत बसते. छेदांमधील जोड फार बळकट राहिले तर फाडताना बिजागरीच उखडते, फार नाजूक राहिले तर खोके वाहतुकीतच उघडते. अर्थात अशा खोक्याने माल बदलल्याचे कळते. खोकेच दुसऱ्याने छापले असेल तर त्यावर झडपेजवळ उपाय नाही.

गुळाची भुकटी बाजारात आल्यापासून तिच्यासाठी दाबून बंद होणाऱ्या पट्टीच्या प्लॅस्टिक पिशव्या अधिक वापरल्या जाऊ लागल्या आहेत. अशी पिशवी ओलाव्याला झडपेपेक्षा निश्चितच चांगली अडविते. मात्र भुकटीचे कण पट्टीच्या खोबणीत अडकले की तीही नीट मिटत नाही. वडीच्या व लहान तुकड्यांच्या गुळासाठी खोके टिकून आहे, कारण ते फळीवर उभे राहते, रचता येते आणि वडीच्या कडा मोडू देत नाही. अनेक घरांत ते बाजारातून आणल्याच्या दिवशीच रिकामे होते व गूळ पूर्वीप्रमाणे झाकणाच्या डब्यात जातो.