जामीन कोण?

इंटर्नशिपमध्ये माझं काम साधं होतं. जंगलतोड थांबवू म्हणणाऱ्या कंपन्यांची आश्वासनं तक्त्यात भरायची. २०१० साली कन्झ्युमर गुड्स फोरमने शब्द दिला होता, २०२० पर्यंत निव्वळ जंगलतोड शून्यावर आणू. २०२० उलटलं, शब्द काही पुरा झाला नाही.

२०२२ च्या दिवाळीत कोपरगावला घरी आले. रेशनच्या 'आनंदाचा शिधा'मध्ये रवा, डाळ, साखर आणि पामतेलाची पिशवी. हे तेल कुठलं जंगल तोडून आलं असेल?

इथेच राघोबादादा १७८३ साली वारले. आदल्या वर्षीच्या सालबाईच्या तहात त्यांना महिना २५,००० रुपये ठरले होते. इंग्रज-मराठ्यांचा एकमेकांवर भरवसा नव्हता, म्हणून तहाला जामीन राहिले महादजी शिंदे.

परत गेल्यावर तक्त्यात एक रकाना वाढवला: 'जामीन'. बहुतेक नावांपुढे तो कोराच राहिला. असो.