तळ्याकाठचे बिऱ्हाड

मराठीत ‘घर’ आणि ‘बिऱ्हाड’ असे दोन शब्द आहेत, आणि त्यांतील अंतर नोकरीपायी ज्याने गाव सोडले त्यालाच नीट उमगते. घर असते ते गावी. बिऱ्हाड असते ते जिथे पगार मिळतो तिथे. बिऱ्हाड हलते, घर वाट पाहते. आज मला ज्या नगरीविषयी बोलावयाचे आहे, तिथे कित्येक मराठी कुटुंबे बिऱ्हाड करण्यासाठी गेली आणि घर करून राहिली. ती नगरी म्हणजे भोपाळ.

मुंबईकराला खिडकीतून समुद्राची बोटभर पट्टी दिसली, तरी तिची किंमत त्याने घराच्या किमतीत मोजलेली असते. भोपाळ समुद्रापासून पुष्कळ दूर, माळव्याच्या पठारावर. परंतु तेथील मोठा तलाव पावसाळ्यात भरला म्हणजे पलीकडचा काठ धूसर होतो, वाऱ्याच्या दिवशी लाटा उठतात, आणि आपण डोंगरपठारावर उभे आहोत हे क्षणभर विसरायला होते. सुमारे ३१ चौरस किलोमीटर पसरलेले हे पाणी परमार राजा भोज याने अकराव्या शतकात कोलांस नदीला बांध घालून अडविले, असे परंपरा सांगते. धाकटा तलाव मागाहूनचा; नवाब हयात मुहम्मद खान यांचे मंत्री छोटे खान यांनी तो १७९४ साली करविला. जुने शहर ह्या दोन पाण्यांच्या शेजाराने वाढले.

मराठ्यांना ही जागा नवी नव्हती. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामाला इथेच कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये जवळच्या दोराहा येथे तह करावयास भाग पाडले. पुढे १८१२-१३ मध्ये नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांनी भोपाळला वेढा घातला. वजीर मुहम्मद खान याने उपासमार सोसून शहर लढविले, आणि फौजांना हात हलवीत परतावे लागले. त्यानंतर १९५६ साली नागपूरकर पुन्हा भोपाळच्या वेशीशी आले. ह्या खेपेस त्यांच्याजवळ तोफा नव्हत्या. वळकट्या, ट्रंका आणि बदलीचे हुकूम होते. शहर मात्र ह्या वेळी त्यांच्या स्वाधीन झाले, निदान सरकारी क्वार्टरापुरते तरी!

पण त्याआधीची थोडी हकीकत सांगितली पाहिजे. संस्थानी काळात पाण्याकाठची जागा विकत घेण्याची गोष्ट सामान्य माणसाच्या मनातही येत नसे. काठावरचे महाल नवाबांचे आणि बेगमांचे. शाहजहान बेगम यांनी १८६८ ते १९०१ एवढा दीर्घ काळ राज्य केले आणि जुन्या तटाबाहेर शाहजहानाबाद ही नवी वस्ती उभारली. ताजमहाल नावाचा राजवाडा, पुढे पिढ्यानुपिढ्या अपुरी राहिलेली ताज-उल-मसाजिद, आणि एकाखाली एक अशी तीन लहान तळी, हा तिचा थाट. भोपाळचे पहिले खरे उपनगर मी ह्यालाच म्हणेन. मात्र ते वसले दरबाराच्या मर्जीने, बाजाराच्या भावाने नव्हे.

दुसरे उपनगर कुणाच्याच मर्जीने वसले नाही. शहराच्या पश्चिमेस बैरागढ येथे दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत जागा मिळाली. कैद्यांसाठी बांधलेल्या लांबच लांब खोल्यांत पडदे लावून संसार मांडले गेले, आणि त्या संसारांतून पाहता पाहता कापडाची मोठी बाजारपेठ उभी राहिली. आज त्या वस्तीचे नाव संत हिरदाराम नगर आहे. घर म्हणजे चार भिंती नव्हेत असे आपण म्हणतो. बैरागढच्या माणसांना मात्र प्रथम भिंतीच मिळाल्या, बाकीचे त्यांनी स्वतः घडविले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, नागपूरचे राजधानीपद संपले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ ठरली. मागच्या जनगणनेत ज्या गावाची वस्ती लाखाच्या आसपास होती, त्याच्यावर नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर आणि रीवा येथील कचेऱ्या एकदम येऊन आदळल्या. फायली आल्या, त्यांच्यामागे कारकून आले, आणि कारकुनांमागे त्यांची बायकामुले. विधानसभा संस्थानी काळातल्या मिंटो हॉलमध्ये भरू लागली. बेगमांच्या आणि नवाबांच्या इमारतींना दालनांची वाण नव्हती. वाण होती ती साध्या दोन खोल्यांच्या घरांची.

ती घरे तळ्याच्या दक्षिणेकडील माळावर बांधली गेली, आणि त्या वस्तीला नाव मिळाले तात्या टोपेनगर. १८५७ च्या उठावात भोपाळच्या सिकंदर बेगम इंग्रजांच्या बाजूने उभ्या राहिल्या होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे येवल्याच्या तात्या टोप्यांचे नाव त्यांच्याच राजधानीतील नव्या वस्तीला मिळावे, ह्यातली गंमत कळते. लोकांनी अर्थात त्याचे ‘टी. टी. नगर’ करून टाकले. पोटवस्त्यांची नावे तर निव्वळ बेरीज होती: बाराशे पन्नास क्वार्टर, पंचेचाळीस बंगले, चौऱ्याहत्तर बंगले. बसथांब्यांनाही आकडेच मिळाले, आणि पाच नंबर, सहा नंबर, दस नंबर ही आज त्या भागांची रूढ नावे होऊन बसली आहेत. पाहुण्याला पत्ता सांगताना अस्सल भोपाळी माणूस अजूनही थांब्याचा आकडा सांगतो. त्याला त्यात काही विचित्र वाटत नाही.

क्वार्टराचा आकार हुद्द्यावरून ठरे. त्यामुळे मुलाला शाळेतल्या सोबत्याचा पत्ता कळला की त्याच्या वडिलांचा पगारही कळे. हा दोष खरा. पण ह्याच रचनेत एक गुणही होता. एका ओळीत नागपूरचे देशपांडे, शेजारी रीव्याचे मिश्रा, पलीकडे ग्वाल्हेरचे मराठी सरदारी वळणाचे कुटुंब आणि त्यापलीकडे भोपाळचे खानसाहेब अशी सरमिसळ सहज घडे. नागपूरच्या गृहिणीला पोहे इथेही मिळाले, फक्त सोबत जिलेबी आली. भोपाळी बोलीतला ‘अपन’ आमच्या ‘आपण’ला इतका जवळचा निघाला की पुढची पिढी दोन्ही भाषांत तो एकाच सहजतेने वापरू लागली. गणपती बसले, हळदीकुंकवे झाली, आणि संध्याकाळी न्यू मार्केटात एक फेरी मारणे हा जवळजवळ नित्यनेम झाला.

त्याच साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्स ह्या सरकारी उद्योगाने शहराच्या पूर्वेस पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा अशी स्वतःची वसाहत उभी केली. १९७४ मध्ये तो उद्योग ‘भेल’मध्ये विलीन झाला. रुंद रस्ते, झाडांच्या रांगा, आपली शाळा, आपले इस्पितळ असे ते स्वयंपूर्ण जग. पण क्वार्टराचा नियम तिथेही तोच. नोकरी संपली की किल्ली परत!

खरा प्रश्न तिथेच उभा राही. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाने जायचे कुठे? नागपूरच्या महालातला किंवा सीताबर्डीवरचा वाडा भावांत वाटला गेलेला, मुलांची नावे भोपाळच्या महाविद्यालयांत, आणि स्वतःच्या नावावर जगात एक चौरस फूट जमीन नाही. मग गृहनिर्माण संस्थेची वर्गणी, सरकारी कर्ज, पत्नीच्या पाटल्या असे करीत अरेरा कॉलनीत किंवा तिच्या आसपास भूखंड घेतला जाई. ई-१ पासून सुरू होणारी त्या कॉलनीची विभागवार अक्षरे कानांना रूक्ष वाटतात, पण पुष्कळ घरांत तो पत्ता प्रथम लिहिला गेला तो दिवस सणासारखा साजरा झाला असेल. कुंपण आधी, घर मागाहून, आणि वरचा मजला मुलाच्या लग्नाच्या वेळी, हा बांधकामाचा क्रम बहुधा ठरलेला. तळे मात्र दूरच राहिले. पाण्याकाठच्या श्यामला टेकडीवर बडी मंडळी आणि संस्था, भारत भवन १९८२ मध्ये तिथेच झाले. मध्यमवर्गीयाने रविवारी बोट क्लबावर जाऊन आपल्या वाट्याचे पाणी पाहून यावे.

घराची जागा म्हणजे केवळ हौस नव्हे, हे भोपाळला २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री कळले. युनियन कार्बाइडचा कारखाना जुन्या शहराच्या उत्तरेस होता, आणि त्याच्या भिंतीला लागून अगदी गरिबांची वस्ती. त्यांनी ती जागा निवडली नव्हती. परवडली म्हणून तिथे राहिले. विषारी वायू त्या झोपड्यांवरून जुन्या शहरात शिरला. दक्षिणेकडच्या नव्या वसाहती बहुतांशी बचावल्या. क्वार्टराच्या वाटपपत्रावर कुणाच्या श्वासाचा विचार केलेला नसतो, तरी त्या रात्री पत्त्याने पुष्कळ काही ठरविले. ह्यावर मला अधिक बोलवत नाही.

अलीकडची एक घटना मात्र सांगितलीच पाहिजे. २०१६ मध्ये ‘स्मार्ट सिटी’ योजनेसाठी प्रथम शिवाजीनगर आणि तुलसीनगर ह्या सरकारी वसाहती निवडण्यात आल्या. जुनी घरे पाडून उंच इमारती उठणार होत्या, आणि साठ वर्षांत वाढलेली झाडे तुटणार होती. रहिवासी रस्त्यावर आले. नीट पाहा: ह्यांतील बहुतेकांच्या मालकीची एक वीटही तिथे नव्हती; उद्या बदली झाली तर त्यांना जावेच लागणार होते. तरी ती माणसे झाडांसाठी भांडली आणि योजना तिथून हलली. हलली ती टी. टी. नगरावर! तिथली जुनी क्वार्टरे पाडली गेली. राजधानीची पहिली बिऱ्हाडे ज्या ओळींत मांडली गेली, त्यांतील कित्येक ओळी आज नकाशावरही सापडत नाहीत. जिंकलेल्यांनी आनंद मानावा की नाही, ह्याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही.

तळे आहे तिथे आहे. १९६०च्या दशकात भदभदा येथे धरण बांधून त्याची पातळी वाढविण्यात आली. त्याला अकरा दरवाजे आहेत. पावसाळ्यात रोज सकाळी भोपाळचा माणूस वर्तमानपत्रात प्रथम तलावाची पातळी पाहतो. १६६६.८० फूट हा आकडा तिथल्या पोरासोरांना पाठ आहे, कारण पाणी तिथवर चढले की दरवाजे उघडावे लागतात. बातमी फुटताच अरेरातून, पिपलानीतून, बैरागढातून, शाहजहानाबादेतून गाड्या निघतात, भाजलेल्या कणसांचा धूर रस्त्यावर पसरतो, आणि पुलावर माणसांची दाटी होते. त्या गर्दीत एखादे पेन्शनर आजोबा नातवाला मराठीत सांगत असतात, “तो बघ, तिसरा दरवाजा उघडला,” आणि नातू हिंदीत विचारतो, बाकीचे कधी उघडणार?