फेरेटची शिंक

फ्लू विषाणूमुळे होतो, हे आज शाळेतलं पोरही सांगेल. पण १९१८ साली हे कुणी सिद्ध केलेलं नव्हतं. त्या वर्षी जूनमध्ये मुंबई बंदरातून साथ आत शिरली आणि एकट्या ब्रिटिश हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. ती कशानं गेली, याचं पक्कं उत्तर मिळायला पुढं पंधरा वर्षं लागली. आणि ते मिळालं फेरेट नावाच्या एका लांबुळक्या प्राण्यामुळे. दिसायला साधारण आपल्या मुंगसासारखा, पण कुळ पाणमांजराचं. युरोपात लोक त्याला सशांच्या बिळात सोडण्यासाठी पाळायचे.

आता अडचण काय होती बघा. रोगाचं कारण शोधायचं, तर रुग्णाच्या घशातला स्राव निरोगी जिवाला देऊन पाहावा लागतो. मग हे थेट माणसांवरच करून पाहिलं गेलं. नोव्हेंबर १९१८ मध्ये बोस्टनजवळच्या गॅलप्स बेटावर अमेरिकी नौदलाच्या तुरुंगातले ६२ कैदी आणले. शिक्षा माफ होईल, असं त्यांना सांगितलं होतं. त्यांच्या नाकाडोळ्यांत रुग्णांचा स्राव घातला, रुग्णांना त्यांच्या तोंडावर खोकायला लावलं. आणि एकही कैदी आजारी पडला नाही! बहुधा त्यांच्यात आधीच प्रतिकारशक्ती आली असावी. पण कोडं तसंच राहिलं. कित्येक डॉक्टर तेव्हा एका जिवाणूलाच दोषी धरत होते.

आता येऊ १९३३ च्या लंडनमध्ये. तिथल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत पॅट्रिक लेडलॉ कुत्र्यांच्या डिस्टेंपर या रोगावर काम करत आले होते. तो रोग फेरेटलाही होतो, म्हणून फेरेट हाताशी होते. त्या वर्षी फ्लूची साथ आली आणि त्यांचे सहकारी ख्रिस्तोफर अँड्र्यूज स्वतःच आजारी पडले. विल्सन स्मिथनी त्यांना गुळण्या करायला लावल्या. ते पाणी इतक्या बारीक गाळणीतून काढलं की जिवाणू मागेच राहावेत, आणि मग फेरेटच्या नाकात घातलं. दोनच दिवसांत ताप, वाहतं नाक, शिंका! शेजारी ठेवलेल्या निरोगी फेरेटलाही लागण झाली. जुलैमध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं.

१९३६ मध्ये तर कमालच झाली. एक फेरेट संशोधकाच्या तोंडावर शिंकला आणि त्या संशोधकाला फ्लू झाला. माणसाकडून फेरेटला आणि फेरेटकडून परत माणसाला!

हे का होतं? माणसांतला फ्लूचा विषाणू आपल्या श्वासमार्गातल्या पेशींवर ज्या खुंटीला लटकतो, तशीच खुंटी फेरेटच्या श्वासमार्गातही आहे. म्हणून आजही फ्लूची लस ठरवताना फेरेट लागतो. त्याला लागण करतात, त्याच्या रक्तातला द्रव काढतात आणि तो नव्या विषाणूला ओळखतो का, हे पाहतात. ओळखत नसेल, तर लस बदलायची वेळ आली, असा तो इशारा. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीची शिफारस करते, त्यात ही माहिती असते. थोडक्यात, फेरेटचं रक्त लशीत नसतं, तिच्या निवडीमागे असतं.

पण याची दुसरी बाजूही आहे. २०११ मध्ये रॉटरडॅमचे रॉन फूशिये आणि विस्कॉन्सिनचे योशिहिरो कावाओका यांची कामं गाजली. दोघांनी वेगवेगळ्या पद्धतीनं बर्ड फ्लूच्या विषाणूत असे बदल घडवले, की तो फेरेटमध्ये हवेतून पसरू लागला. जगभर गदारोळ झाला. ही धोक्याची पूर्वसूचना, की धोकाच तयार करणं? जानेवारी २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी असं संशोधन स्वतःहून थांबवलं. त्याच वर्षी दोन्ही निबंध मात्र छापले गेले. वाद अजून मिटलेला नाही.

मला विचाराल तर गोम इथंच आहे. फेरेट आपल्यासारखा आजारी पडतो, म्हणून तो खरं सांगतो. आणि म्हणूनच त्याचा पिंजरा धोक्याचाही असतो. शिवाय त्या कैद्यांना निदान माफीचं आमिष तरी दाखवलं होतं. फेरेटला कुणी विचारत नाही, आणि प्रयोग संपला की बहुतेकदा त्याला मारतात. हे काम बंद करा, असं मी म्हणणार नाही. लशी हव्यात. पण प्रत्येक प्रयोगाआधी एक प्रश्न विचारायलाच हवा: यातून जे कळणार आहे, ते दुसऱ्या कुठल्याच मार्गानं कळणार नाही का?