भुकेचा वारसा आणि लठ्ठ म्हणून हिणवलेलं पोर

जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्याच्या पट्ट्यातल्या घरांचं जेवण पिढ्यान्‌पिढ्या बाजरीची भाकरी, कालवण आणि पावसाची मर्जी यांवर चाललं. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रभर खडी फोडणाऱ्या मजुरांच्या हाती मदतीचा कोरडा खाऊ म्हणून सुकडी पडली. त्या मजुरांची नातवंडं आज शाळेत आहेत. त्यांतलं एखादं गुटगुटीत असलं की वर्गात ‘ढोल्या’ आणि घरी आईला बोल.

लठ्ठपणाचा दोष पोरावर आणि आईवर टाकणारा हा आरोप अन्यायाचा आहे, आणि त्याचा पुरावा पुणे जिल्ह्यातच मिळाला.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून जिल्ह्यातल्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. त्यांच्या बाळांचं जन्मतः सरासरी वजन होतं सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. हातपाय काटकुळे, स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र जवळपास तेवढीच! म्हणजे चरबी साठवण्याचा कल बाळ पोटातूनच घेऊन येतं. भुकेची ही छाप लवकर पुसतही नाही: पुण्यातच उंदरांच्या ५० पिढ्या अर्धपोटी वाढवल्या गेल्या. पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर खाऊ घालूनही शरीरातले बिघाड गेले नाहीत. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं.

अशा शरीरापुढे पाच रुपयांची वेफर्सची पुडी आली. ती पोरानं बनवली नाही, गावोगाव पोचवलीही नाही. २०१७मध्ये राज्यानं शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ हटवायला सांगितलं. २०२०मध्ये केंद्रीय नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांत त्यांची विक्री रोखली. उशिरा का होईना, बोट पोराकडून दुकानाकडे वळलं.