थंडाव्याचे पेव

बेळगावच्या कुंद्याचे नाव निघाले की आम्हांस त्याची गोडी आठवते. त्यामागची निकड आठवत नाही. धार काढतेवेळी दूध सुमारे ३७ अंश सेल्सिअस उष्ण असते, आणि त्या उबेत आम्ल उत्पन्न करणारे सूक्ष्म जंतू इतक्या झपाट्याने वाढतात की, उन्हाळ्यात काही तासांतच ते नासण्याच्या बेतास येते. खानापूर तालुक्यातील श्रीमाऊलीच्या कणकुंबीपासून जांबोटीपर्यंतचे रान, मलप्रभेच्या उगमावरचा तो पाऊस आणि त्या वाटा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांस तेथील गवळी-धनगरांनी ताजे दूध बेळगावच्या पेठेत आणणे किती दुर्घट होते हे सांगावयास नको. थंडावा हाताशी नव्हता, चूल होती. दूध आटवून खवा करावा, लोणी कढवून तूप करावे, हाच मार्ग. कुंदा हे त्या निकडीचेच देखणे अपत्य होय, असे आमचे मत आहे.

निपाणीकडचा मुलूख मोकळा आणि पुणे-बंगळूर हमरस्त्यावरचा. शेजारी कोल्हापुरास १९६३ साली जिल्हा सहकारी दूध संघ, म्हणजे आजचा ‘गोकुळ’, स्थापन झाला. १९७० पासून देशभर ‘ऑपरेशन फ्लड’ योजना सुरू झाली, आणि गावोगावचे दूध कॅनांतून शीतकरण केंद्रांकडे जाऊ लागले. तथापि आडवळणाच्या गावास केंद्र दूर आणि वीज लहरी. म्हैस काही विजेचे वेळापत्रक पाहून पान्हा सोडीत नाही! डिझेलवर यंत्र चालवावे तर नफा धुरात जातो. संध्याकाळचे दूध उचलले गेले नाही, की त्या घराची एका वेळेची कमाई बुडालीच.

मग थंडावा साठवून ठेवता येईल काय? १८३३ साली अमेरिकेतील बोस्टनहून जहाजाने कलकत्त्यास बर्फ आला आणि पुढे मुंबईसही येऊ लागला. तो तिकडच्या हिवाळ्याचा साठाच होता. बर्फाच्या अंगी विलक्षण गुण असा की, त्याचा एक ग्रॅम वितळताना ८० कॅलरी उष्णता गिळतो. एक लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणण्यास सुमारे ३७० ग्रॅम बर्फ पुरतो. ५०० लिटरांस सुमारे १८५ किलो. वीज असेल तेव्हा नळ्यांभोवती हा बर्फ जमवावा आणि दूध येताच त्याच्या गार पाण्याने ते निववावे, ही युक्ती दुग्धालयांत जुनीच आहे. आमच्या शेतकऱ्यांनी धान्याची पेवे भरली. हे थंडाव्याचे पेव.

सोरिन ग्रामा व सॅम व्हाइट यांनी २००७ साली अमेरिकेत ‘प्रोमेथियन’ ही संस्था काढली, आणि तिने हाच प्रश्न हाती घेतला. प्रथम त्यांची भिस्त सूर्यशक्तीवर होती. ती महाग पडते असे दिसताच त्यांनी गावातल्या त्या तुटपुंज्या विजेवरच थंडावा साठविणारे यंत्र रचले. त्याची बांधणी पुण्यास होऊ लागली. गावातच, दूध येताच, ते निववावे हा त्यातील मुख्य विचार. भरवशाच्या विजेची वाट पाहात बसण्यापेक्षा मिळते ती वीज साठविणे हेच आम्हांस शहाणपणाचे वाटते.

मात्र थंडावा जंतूंस मारीत नाही, केवळ त्यांची वाढ रोखतो. चरवी अस्वच्छ असेल, तर बर्फाच्या राशीचाही उपयोग नाही.