बनावट विद्यापीठे व ऑनलाइन पदव्या
कायदेशीर अधिकार नसताना पदव्या विकणाऱ्या संस्था. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, 1956 च्या कलम 22 नुसार कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांनाच पदवी देता येते. उल्लंघनाचा दंड मात्र जास्तीत जास्त 1,000 रुपये. धाक वाटावा अशी ही रक्कम नव्हे. आयोगाच्या बनावट विद्यापीठांच्या यादीत महाराष्ट्रातून नागपूरच्या राजा अरेबिक विद्यापीठाचे नाव वर्षानुवर्षे झळकत आले आहे.

फसवणुकीची खरी मेख माहितीपत्रकात असते. संस्था नोंदणी अधिनियम, 1860 खालील नोंदणी किंवा आयएसओ प्रमाणपत्र ठळक छापून ‘शासनमान्य’ असल्याचा आव आणला जातो. वास्तविक दोहोंचा पदवीशी काडीचा संबंध नाही. नॅक या मूल्यांकन संस्थेची श्रेणी हेही निव्वळ मूल्यांकन, पदवी देण्याचा अधिकार नव्हे. ऑनलाइन अभ्यासक्रमाला आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता लागते. घरबसल्या पीएच.डी. किंवा अभियांत्रिकी पदवी देऊ करणारी जाहिरात तर तिथेच बाद ठरते, कारण दोन्ही ऑनलाइन पद्धतीने मान्य नाहीत.

म्हणून पदवी देणारे विद्यापीठ कोणते, हे आधी पाहावे. उदाहरणार्थ, बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयातून शिकणाऱ्याला पदवी मिळते ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. नोकरी किंवा शेती सांभाळून शिकू पाहणाऱ्या बारामती-इंदापूरकरांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा (स्थापना 1989) कायदेशीर मार्ग खुला आहे.