शिशाला गिऱ्हाईक, लिथियमला उकिरडा

ट्रॅक्टरची निकामी झालेली शिशाची बॅटरी नातेपुत्यात फार काळ बेवारस पडून राहत नाही. नवी बॅटरी घेताना दुकानदार जुनीची किंमत वजा करून देतो, नाहीतर भंगारवाला ती वजनावर घेऊन जातो. मोबाइलच्या बॅटरीचे तसे नाही. फुगलेली बॅटरी, बंद पडलेली पॉवर बँक, दाढीचे यंत्र, चिनी विजेरी हे सारे कपाटाच्या खणात वर्षानुवर्षे साठत जाते आणि दिवाळीच्या साफसफाईत ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबर बाहेर पडते. माळशिरस तालुक्यातील या बाजारपेठेच्या गावात जे घडते, तेच राज्यातील बहुतेक लहान शहरांत घडते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा आषाढी वारीत येथे मुक्काम असतो. आता वारकऱ्याच्या पिशवीतही टाळांशेजारी पॉवर बँक असते. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली, तेव्हा तिचा प्रसार इतका होईल असे कोणास वाटले नसावे.

या दोन बॅटऱ्यांच्या नशिबातील फरक त्यांच्या घडणीत आहे. शिशाच्या बॅटरीत वजनाचा मोठा भाग एकाच धातूचा असतो आणि तो वितळवून पुन्हा वापरता येतो. (ही भट्टी उघड्यावर पेटवली जाते तेव्हा परिसरातील मुलांच्या रक्तात शिसे उतरते, हा भाग निराळा.) लिथियम बॅटरीत तांब्याच्या पत्र्यावर ग्राफाइटचा आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर धातूंच्या ऑक्साइडचा थर असतो. दोहोंमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा आणि ज्वलनशील द्रव असतो. ऑक्साइडही सर्वत्र सारखे नाही. मोबाइलमध्ये बहुधा लिथियम कोबाल्ट ऑक्साइड वापरतात; त्यात वजनाने सुमारे ६० टक्के कोबाल्ट आणि अवघे ७ टक्के लिथियम असते. सौर पथदिव्यांत व अनेक वाहनांत लिथियम आयर्न फॉस्फेट असते. त्यात कोबाल्ट नाही, निकेलही नाही. वरून पाहून कोणती बॅटरी कोणत्या जातीची, हे सांगणे कठीण. आणि पुनर्प्रक्रिया करणाऱ्यास पैसा मिळतो तो मुख्यतः कोबाल्ट व निकेलमधून.

कारखान्यातील प्रक्रिया आता बरीचशी अवगत झाली आहे. बॅटरीतील उरलासुरला विद्युतभार काढून टाकतात, तिचा भुगा करतात आणि त्यातून ‘ब्लॅक मास’ नावाची काळी पूड वेगळी करतात. ती आम्लात विरघळवून धातू एकेक करून मिळवले जातात. भट्टीत वितळवण्याचा दुसरा मार्गही आहे. पण त्यात लिथियम बहुतांशी मळीत जाते. आपल्याकडे रुरकीची अटेरो ही कंपनी हे काम करते. टाटा केमिकल्सनेही २०१९ मध्ये मुंबईनजीक ते सुरू केले होते.

खरी अडचण कारखान्याच्या दारापर्यंत पोचण्याची आहे. मोबाइलची एक बॅटरी ५० ग्रॅमची धरली, तरी एक टन माल जमवण्यास २० हजार बॅटऱ्या लागतात. नातेपुत्याहून पुणे काय आणि सोलापूर काय, दोन्ही शंभर किलोमीटरहून दूर. पिशवीभर बॅटऱ्यांसाठी एवढे अंतर कोण तुडवणार? शिवाय साठवण धोक्याची. दोन टोके धातूला टेकली, आतला पडदा फाटला किंवा बॅटरी दाबली गेली, की ती आपोआप तापत जाते आणि पेट घेते. लगतची बॅटरीही पेटते. आतील क्षाराचा बाष्पाशी संयोग झाल्यास हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू तयार होतो. कचरा दाबून भरणाऱ्या गाडीत तर हे सारे एकाच वेळी घडू शकते. टोकांवर चिकटपट्टी लावून बॅटरी वेगळी ठेवावी, एवढी साधी खबरदारीही फारशी कोणी सांगत नाही.

कायदा नाही असे नव्हे. २००१ चे बॅटरी नियम केवळ शिशाच्या बॅटऱ्यांसाठी होते. २२ ऑगस्ट २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनी सर्व प्रकार कक्षेत आणले आणि जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्प्रक्रियेस पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. पाच किलोपेक्षा हलक्या, बंदिस्त, सुट्या बॅटऱ्यांमधून २०२६-२७ पासून ९० टक्के द्रव्य परत मिळवणे अपेक्षित आहे. परंतु हा आकडा लागू होतो तो कारखान्यात पोचलेल्या बॅटरीला. ग्राहकाने बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये, असे नियम बजावतो. मग ती कोठे द्यावी, याचे उत्तर गावोगावी दिसत नाही. उत्पादक आपले उद्दिष्ट पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडून प्रमाणपत्रे विकत घेऊन पूर्ण करू शकतो. त्यामुळे जेथे माल मोठ्या प्रमाणात व स्वस्तात मिळतो तेथूनच तो उचलला जाणार, हे उघड आहे. वापरलेल्या बॅटऱ्या व तत्सम घरगुती घातक कचऱ्यासाठी स्थानिक संस्थांनी दर वीस चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र काढावे, असे २०१६ च्या घनकचरा नियमांत म्हटले होते. लहान गावांत ते बहुधा कागदावरच राहिले.

दरम्यान, २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या भंगारावरील आयात शुल्क माफ करण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अशा दुर्मीळ खनिजांच्या पुनर्प्रक्रियेसाठी दीड हजार कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंत्रिमंडळाने मंजूर केली. परदेशातील भंगार त्यामुळे बंदरावर स्वस्तात उतरेल. नातेपुत्याच्या कपाटातील बॅटरीला मात्र अजून गिऱ्हाईक नाही.